रिकाम्या पानाची साक्ष

वकिलाने रोगजंतूंच्या आहारावर लिहावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमचे अर्धे आयुष्य माणसांची भांडणे वाचण्यात गेले. सूक्ष्मदर्शकातून शाळेत एकदा कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, तेवढाच आमचा त्या शास्त्राशी परिचय. तथापि गेल्या श्रावणात मंडीदीप येथे एका रिकाम्या काचेच्या ताटलीने आम्हांस जो प्रश्न विचारला, तो अद्याप मनातून जात नाही. तो येथे मांडावा आणि मोकळे व्हावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका दाव्याच्या कामासाठी आम्ही मुंबईहून भोपाळास गेलो होतो. तारीख पुढे गेली आणि मध्ये एक दिवस रिकामा पडला. आमची भाची मंडीदीपच्या एका औषधी कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. तिच्याकडे जाण्याचे कित्येक वर्षे राहून गेले होते, ते त्या दिवशी साधले. भोपाळहून नर्मदेच्या बाजूस जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरांवर, रायसेन जिल्ह्यात, हे गाव आहे. लोक सांगतात, भोजराजाने बांधलेल्या विस्तीर्ण तलावातील हे एक बेट. म्हणून त्याच्या नावात 'दीप', अर्थात द्वीप. पंधराव्या शतकात होशंगशाहाने बांध फोडला, पाणी वाहून गेले आणि बेटाचे नुसते नाव राहिले, असे परंपरा सांगते. आज तेथे ग्रॅफाइटच्या कांड्या होतात, ट्रॅक्टर होतात, औषधे होतात; आणि कारखान्यांच्या कुंपणांपलीकडे माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन डोलत असते.

दारात पाऊल टाकताच भाचीने आपल्या बोलीत हुकूम सोडला, "माम, बसात, पयलें जेवया, मागीर उलोवया." आधी जेवण, मग बोलणे. त्या दिवशीच्या सगळ्या संभाषणाचे सूत्र तिने नकळत त्याच एका वाक्यात सांगून टाकले होते, हे आमच्या ध्यानी सायंकाळी आले.

दुपारी तिने आम्हांस आपली प्रयोगशाळा दाखवली. आत नेले नाही. तेथे जाण्यास कपडे बदलण्याचे आणि हात धुण्याचे जे विधी आहेत, त्यांपुढे आमच्या आजीचे सोवळे फिके पडावे. काचेच्या भिंतीबाहेर उभे राहून आम्ही पाहत होतो. एक मुलगा तराजूवर पिवळसर भुकट्या तोलत होता. तो काय करतो आहे, असे विचारता भाची म्हणाली, "स्वयंपाक!"

मग तिने पाककृती सांगितली. एक लिटर पाण्यास दुधातील केसीन पचवून केलेली भुकटी १७ ग्रॅम, सोयाबीनच्या पिठाची तशीच भुकटी ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, फॉस्फेटाचा क्षार अडीच ग्रॅम आणि ग्लुकोज अडीच ग्रॅम. हे सारे विरघळवून १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटे ठेवायचे, म्हणजे त्यात आधीपासून कोणी बसला असेल तर तो मरतो आणि पुढे येणाऱ्यासाठी पान स्वच्छ राहते.

"म्हणजे दूध, डाळ, मीठ आणि साखर," आम्ही म्हणालो. "आपल्या देवळातल्या संतर्पणाला याहून निराळे काय असते?"

"फरक एवढाच, माम, की आम्ही पान मांडतो आणि कोणी जेवायला येऊ नये अशी इच्छा करतो."

तिचा कारखाना शिरेतून टोचण्याची औषधे करतो. अशा औषधात एकही जिवंत जंतू राहता कामा नये. म्हणून प्रत्येक घाण्यातील काही कुप्या काढून त्यांतील औषध या पोषक रसात सोडतात आणि चौदा दिवस वाट पाहतात. रस निवळ राहिला तर औषध निर्जंतुक. गढूळ झाला तर सारा घाणा अडकला. एक रस २० ते २५ अंशांवर ठेवतात, तर दुसऱ्या जातीचा ३० ते ३५ अंशांवर. या दुसऱ्या रसात प्राणवायू शोषून घेणारे द्रव्य असते, कारण काही जंतूंस हवा हेच विष असते. नळीच्या वरच्या भागात हवा शिरली, की तेथे गुलाबी रंग दिसतो. खालचा भाग अशा हवाद्वेष्ट्या पाहुण्यांसाठी राखलेला असतो.

जंतूंच्या आवडीनिवडी ऐकता ऐकता आम्हांस लग्नाच्या पंगतीतील नाना तऱ्हेचे पाहुणे आठवले. आपल्या आतड्यात राहणारा साधा कोलाय जंतू ग्लुकोज आणि चार क्षार मिळाले तरी भागवून नेतो. बाकीचे सारे तो घरी करून घेतो. विषमज्वराच्या जंतूच्या पुष्कळ जातींना ट्रिप्टोफेन नावाचे एक अमिनो आम्ल तयार लागते. मात्र हळूहळू सवय लावली तर ते त्याविनाही राहू शकतात, असे १९३३ साली इंग्लंडात फिल्डिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हिमोफिलस नावाच्या जंतूस रक्तातील दोन पदार्थ लागतात आणि त्यांतील एक रक्तपेशींच्या आत कोंडलेला असतो. म्हणून त्याच्यासाठी रक्त तापवून त्या पेशी फोडाव्या लागतात. क्षयाचा जंतू अंडे आणि ग्लिसरीन यांवर वाढतो, पण त्याचे जेवण आठवडेच्या आठवडे चालते. ज्या थिजलेल्या चकतीवर हे सारे वाढवतात, तीही स्वयंपाकघरातूनच आली. समुद्रशेवाळापासून होणाऱ्या अगरचा हा उपयोग १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस या गृहिणीने सुचवला. उन्हाळ्यात जिलेटिन वितळते म्हणून तिचे शास्त्रज्ञ यजमान त्रासले होते. तिच्या मुरंब्यांतील अगर मात्र वितळत नसे. ही युक्ती तिला जावा बेटात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळली होती. ज्या चायना ग्रासची वडी आपल्या घरी उपवासाला होते, तिच्यावर रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेतील जंतू वाढले.

जंतू काय खातो हे कळले, की त्यास फसवताही येते. सल्फा औषधे जंतूंस कशी मारतात, याचा उलगडा १९४० साली डोनाल्ड वुड्स यांनी केला. जंतूंस पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल नावाचा एक पदार्थ लागतो. सल्फाचा आकार हुबेहूब त्यासारखा असतो. जंतू हे खोटे नाणे खरे समजून घेतो आणि त्याचा सारा व्यवहार ठप्प होतो. बनावट दस्तावर आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यास ही हकीकत लगेच समजली.

बोलता बोलता मुंबईची गोष्ट निघाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टराने. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत लशीच्या कामास लागले. लस करायची म्हणजे आधी प्लेगचा जंतू मुबलक वाढवायचा आणि मग मारायचा. युरोपात जंतूंस गोमांसाचा रस देत. येथे गोमांस हिंदूंस वर्ज्य, डुकराचे मांस मुसलमानांस वर्ज्य. हाफकिन जन्माने ज्यू होते, उत्तरायुष्यात स्वधर्माचे आचार कटाक्षाने पाळू लागले. आहाराचा नियम म्हणजे काय, हे त्यांस परक्याने सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी बोकडाचे मांस आम्लात पचवून त्याचा रस केला. आपल्यापैकी शाकाहारी घरांचे समाधान तेवढ्याने होणार नाही, हे खरे. पण परमुलखातून आलेल्या त्या गृहस्थाने आधी येथील माणसांच्या ताटाचा विचार केला आणि मग जंतूच्या, हे विसरू नये.

त्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाला खालून बिलगत आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे खांब लोंबावेत तसे लोंबत वाढत. चंबू हलवला की ते तळाशी बसत. मग नवे झुपके लोंबू लागत. असे काही आठवडे चालले, की सुमारे ६५ अंशांवर तासभर तापवून सारे मारून टाकत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तीच आजची हाफकिन संस्था. गृहस्थाश्रमी माणसाच्या घरातील तूप रोगाच्या कामी आले आणि रोगनिवारणाच्याही, हे ऐकून आमची मौज वाटण्याची सीमा झाली.

येथवर सारे मौजेचेच होते. परत निघताना एका कपाटापाशी भाची थांबली. आत काचेच्या ताटल्यांची चळत होती. एकीवर ठिपके उगवलेले होते. "ही बिघडली वाटते," आम्ही म्हणालो.

"नाही, माम. हीच खरी. ही उगवली म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो."

मग तिने नियम समजावून सांगितला. रस निवळ राहिला, एवढ्याने औषध निर्जंतुक ठरत नाही. रसच नासका असेल, अधिक तापवल्याने त्यातील पोषण जळाले असेल, तर जंतू असूनही वाढणार नाही. म्हणून पोषक रसाची प्रत्येक नवी खेप वापरण्यापूर्वी तीत ओळखीचे जंतू मुद्दाम सोडतात. तेही शंभरापेक्षा अधिक नाहीत. पुवाचा जंतू, मातीतील जंतू, हवेवाचून जगणारा जंतू, बुरशी, अशा ठरलेल्या जाती असतात. जंतू तीन दिवसांत आणि बुरशी पाच दिवसांत दिसली पाहिजे. तशी दिसली तरच त्या रसाचा पुढचा निवळपणा पुरावा म्हणून धरायचा. शिवाय औषध स्वतःच जंतुनाशक असेल, तर त्याचा उरलेला अंशही रसातील जंतूस दाबून टाकतो. म्हणून ते आधी गाळून, धुऊन काढावे लागते. "पान जेवण्याजोगे होते हे सिद्ध झाल्यावाचून, पाहुणा आलाच नाही असे म्हणता येत नाही," ती म्हणाली.

आम्हांस एकदम आमच्या आजोबांचा दहावा आठवला. पिंड ठेवला, सारे मागे सरून उभे राहिले, पण कावळा काही शिवेना. मोठी माणसे हात जोडून एकेक वचन देऊ लागली. धाकट्या मुलीच्या लग्नाचे वचन झाले, वाटणीत कोणी भांडणार नाही याचे झाले. ज्याच्या त्याच्या मनात जी टोचणी होती ती बाहेर आली. अखेर एका पोराने बोट दाखवले. भिंतीवर मांजर बसले होते. ते हाकलताच कावळा आला. आजोबांची इच्छा राहिली होती की नव्हती, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु मांजर होते, हे खरे.

भाची हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही. आमच्या मनात दुसरेच पान उघडले होते.

वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. सनद घेऊन फार दिवस झाले नव्हते. एका शिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि काही दिवसांत बऱ्याच जणांचे डोळे बिघडले. एका वृद्ध बाईंचा एक डोळा कायमचा गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा धुण्यास जो द्रव वापरला तो दूषित होता, अशी तक्रार त्यांनी ग्राहक मंचापुढे केली. द्रव पुरवणाऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे होतो. आमच्या हातात दोन कागद होते. एक, बाईंच्या डोळ्यातील पुवाच्या तपासणीचा. दुसरा, शिल्लक राहिलेल्या एका बाटलीच्या तपासणीचा. दोहोंवर एकच वाक्य होते, 'जंतूंची वाढ आढळली नाही.' ते वाक्य आम्ही किती वेळा आणि किती निरनिराळ्या स्वरांत वाचून दाखवले, याची आज आठवण झाली तरी कानशिले तापतात. समोरचे वकील आमच्याहूनही नवखे होते. तक्रार फेटाळली गेली. बाहेर व्हरांड्यात त्या बाई काळा चष्मा लावून बाकावर बसल्या होत्या. आम्ही जवळून जात असता त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, जंतू नव्हते म्हणता, मग माझ्या डोळ्याला झाले तरी काय?"

आम्ही काहीतरी सांत्वनाचे बोललो आणि जिना उतरलो.

हे सारे आम्ही भाचीस सांगितले. तिने कोणताही ठपका ठेवला नाही. फक्त दोन प्रश्न विचारले. पू घेण्यापूर्वी डोळ्यात जंतुनाशक थेंब सुरू झाले होते का? झाले होते; रुग्णपत्रिकेत तसे लिहिले होते, हे आम्हांस स्मरले. बाटली तपासली तेव्हा त्या पोषक रसात जंतू वाढतात हे दाखवले होते का? ते आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारले नव्हते, समोरच्यांनी विचारले नव्हते, मंचानेही विचारले नव्हते. भिंतीकडे कोणी पाहिलेच नव्हते.

त्या सायंकाळी ओसरीवर बसून आम्ही तिच्याशी जवळजवळ वाद घातला. वकिलाचा स्वभाव, आपली बाजू सुटता सुटत नाही. इतकी काटेकोर चाचणी असता असे अपवाद कितीसे असणार, असे आम्ही म्हणालो. त्यावर तिने दोन उदाहरणे दिली.

पहिले महारोगाचे. त्याचा जंतू हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ साली पाहिला. दीडशे वर्षे उलटली, तरी आजवर कोणालाही तो कृत्रिम अन्नावर वाढवता आलेला नाही. उंदराच्या पावलात तो वाढतो, हे १९६० साली शेपर्ड यांनी दाखवले. पुढे आर्माडिलो नावाच्या कवचधारी प्राण्यातही तो वाढला. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांनी १९५८ च्या सुमारास महारोग्यांच्या गाठींतून एक जंतू जिवंत पेशींच्या संगतीत वाढवला. तो महारोगाचाच की त्याचा दूरचा आप्त, यावर पुढे वर्षानुवर्षे चर्चा झाली. तो निराळ्या कुळातील ठरला, तरी त्यापासून महारोगाविरुद्ध लस करण्याचे काम मुंबईतच झाले. महारोगाचा खरा जंतू असा हट्टी का, याचे उत्तर २००१ साली त्याच्या जनुकांचे वाचन झाले तेव्हा मिळाले. त्याची हजाराहून अधिक जनुके मोडून निकामी झालेली आहेत. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घरी जेवून तो स्वतःचा स्वयंपाकच विसरला आहे. "ताटलीवर उगवेल तोच जंतू, असा कायदा केलात, माम, तर या देशात महारोग कधी नव्हताच असा निकाल द्यावा लागेल," भाची म्हणाली.

दुसरे उदाहरण पुन्हा प्लेगचे. प्लेगच्या जंतूस लोह लागते आणि आपले शरीर ते लोह प्रथिनांच्या तिजोरीत कुलूप लावून ठेवते. घातक जंतूस ती तिजोरी फोडण्याची विद्या असते. ती विद्या गमावलेले जंतू उंदरास मारू शकत नाहीत. पण उंदरास वरून लोह टोचले तर तेच पुन्हा मारक होतात, हे जॅक्सन आणि बरोज यांनी १९५६ साली दाखवले होते. असे दुबळे केलेले जंतू प्रयोगशाळांत निर्धास्तपणे हाताळतात. २००९ साली शिकागो येथे अशाच जंतूने एक संशोधक मरण पावले. मृत्यूनंतर कळले, की त्यांस शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता. जंतूस जे स्वतः मिळवता येत नव्हते, ते तेथे उघडेच पडले होते, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. निरुपद्रवीपणाचा जो दाखला जंतूस मिळाला होता तो खोटा नव्हता. पण तो ज्या ताटावर मिळाला, त्या ताटापुरताच होता.

दुसऱ्या दिवशी परतण्यापूर्वी भाचीने आम्हांस बेतवेच्या काठी भोजपूरला नेले. अकराव्या शतकातील ते शिवमंदिर कधी पुरे झालेच नाही; शिवलिंग मात्र असे भव्य, की त्यापुढे माणूस लहान मुलासारखा दिसतो. मंदिराच्या आसपास खडकांवर शिल्प्यांनी कोरलेले आराखडे आहेत. जे बांधायचे राहिले त्याचाही नकाशा नऊशे वर्षांनी तेथे वाचता येतो. आमच्या त्या खटल्यात जे करायचे राहिले त्याची कोठे एक रेघही नव्हती. हात जोडून उभे असताना मनात हाच विचार येत होता; देवाने तो क्षमा करावा.

मुंबईस आल्यावर आम्ही हाफकिन यांची पुढील हकीकत वाचून काढली, आणि तेथे एक न्यायमूर्ती भेटले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल गावी १०७ माणसांस प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या, ज्या १९ जणांस लस मिळाली, ते सारे धनुर्वाताने मेले. चौकशीस आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स. प्रश्न एकच होता. धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत परळ येथे शिरला, की मलकवालला बाटली उघडताना? लस लवकर व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला होता आणि कार्बोलिक आम्ल वगळले होते, हा त्यांच्यावरील मोठा आक्षेप. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली, असे आयोगाचे मत पडले. हाफकिन यांचे काम गेले, नाव गेले.

आता त्यांच्या बाजूचे म्हणणे पाहा. धनुर्वाताचा जंतू हवेवाचून जगणारा. मांसरसाची बंद बाटली म्हणजे त्यास पंचपक्वान्नांचे ताट. तो परळ येथे शिरला असता तर वाटेतल्या कित्येक आठवड्यांत माजला असता. असा माजलेला रस दुर्गंधी सोडतो. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास वास आला नव्हता. रस विषाने भरलेला असता तर माणसे लवकर आजारी पडती. लक्षणे दिसली ती आठवड्याने. उलट, बूच काढण्याचा चिमटा मलकवालला जमिनीवर पडला होता आणि जाळून शुद्ध करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवला होता, हे साक्षीत आलेच होते. म्हणजे जंतू काय खातो आणि खाऊन काय करतो, हे ठाऊक असल्याशिवाय त्या पुराव्याचा अर्थच लागत नव्हता. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मांडले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. मध्ये पाच वर्षे गेली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे 'वास आला नाही' हे नकारार्थी वाक्यच आरोपीच्या कामी आले आणि आमच्या खटल्यात 'वाढ आढळली नाही' हेही आले. मग दोहोंत भेद कोणता? तेथे ताट भरलेले होते हे कोणी नाकारत नव्हते. म्हणून न आलेल्या वासास अर्थ होता. आमचे ताट भरलेले होते की नव्हते, हे कोणी पाहिलेच नव्हते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तज्ज्ञाच्या मताबरोबर त्या मताची कारणेही ग्राह्य धरली होती आणि तज्ज्ञाने आपल्या प्रयोगांची हकीकत सांगावी, असे उदाहरण कलम ५१ खाली दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तत्त्व तेच राहिले. ग्राहक मंचास हा कायदा काटेकोर लागू नसेल. पण विचारण्यास कोणाची बंदी होती? मत आम्ही दाखल केले, कारणे मागितली नाहीत. मागितली असती तर कदाचित आमचेच अशील अडचणीत आले असते, हे तेव्हा मनाच्या तळाशी कोठेतरी आम्हांस ठाऊक असावे.

जुने दप्तर काढून तो कागद आम्ही पुन्हा पाहिला. नमुन्याचा क्रमांक, तारीख, चौदा दिवस, आणि ते वाक्य. पोषक रसाची परीक्षा झाली होती की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. द्रव निर्दोष असेलही. दोष शस्त्रांचा असेल, हातांचा असेल, पाण्याचा असेल. आम्ही खोटे बोललो नव्हतो, पुरावा दडवला नव्हता, प्रतिपक्षाची उणीव भरून काढणे हे वकिलाचे काम नव्हे. हे सारे आम्ही स्वतःस अनेकदा सांगून पाहिले. कायद्याने ते बरोबर आहे. पण व्हरांड्यातील त्या बाईंनी आम्हांस कायदा विचारला नव्हता. 'आढळली नाही' याचा अर्थ 'नव्हती' असा आम्ही लावून दिला आणि त्या बिचारीच्या दुखऱ्या डोळ्यावर अविश्वास दाखवण्यास सर्वांस एक सोय करून दिली. त्यांचा पत्ता दप्तरात होता. आम्ही चौकशी केली. त्या वारल्याला बरीच वर्षे झाली आहेत.

आता आमच्या कचेरीत प्रयोगशाळेचा कोणताही कागद आला, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, की आम्ही सहाय्यकास आधी विचारतो, "पान मांडले होते का?" नवा मुलगा गोंधळतो, मग त्यास ही सगळी कथा सांगावी लागते. यामुळे एक-दोन अशिले आमच्याकडून उठून गेली. जावोत.

श्रावण सरला, भाद्रपद आला. पितृपक्षात वडिलांच्या तिथीस गच्चीवर काकबळी ठेवला. घरची मंडळी मागे सरली, आणि आमची नजर आधी भिंतीकडे गेली. मांजर नव्हते. मग आम्ही हात जोडले आणि वाट पाहत उभे राहिलो.